धूळ आत आणू नये

दारावर पाटी आहे :
चपला बाहेर काढाव्यात. धूळ आत आणू नये.
आणि आत मी शिकवणार पुरातत्त्व.

शहाद्याच्या आमच्या कॉलेजात संगणक पाच,
चार चालू, पाचव्यावर गुलाबी टॉवेल.
सत्तावीस पोरं, अनवाणी,
एका खुर्चीवर दोघं, मागे ताटकळत तिघं.
गार हवा यंत्रांसाठी मंजूर झालेली,
एप्रिलात तिच्यात आम्हीही उभे राहून घेतो.

तबकडी घरघरते.
पडद्यावर एक पांढरीचं टेकाड उगवतं
कुठल्याच तालुक्यात नसलेलं.
बाणाचं खुरपं होतं.
टिचकी : भुसभुशीत माती.
टिचकी : राखेचा थर.
आतली बाई शुद्ध मराठीत सांगते, घाई करू नका,
आणि भटू एका दमात तळ गाठतो,
तीन हजार वर्षं उपसून
मागे वळून बघतो माझ्याकडे,
हळूच दाबतो 'मागे घ्या'.
थरावर थर परत बसतात,
चुलीत राख, राखेत हाड,
कुणी खणलंच नव्हतं जसं.

मी एकदा चुकीच्या जागी कुदळ मारली होती,
तापीकाठच्या एका खड्ड्यात, विद्यार्थी असताना.
रांजणाची अख्खी कड गेली.
छत्तीस वर्षं झाली.
ते बटण मला कुठे दिसलं नाही.

प्रश्न सातवा. भाजक्या मातीची चकती, मधोमध भोक.
अ) खेळण्यातल्या गाडीचं चाक
ब) चातीची चकती
क) पूजेची वस्तू

हिरकण वाडिले, प्रकाशाची,
पहिल्या एस्टीने येणारी,
वर्षभर हजेरीपुरती बोललेली.
माऊसवरचा हात काढून म्हणाली,
"सर, ड कोठे शे?
हाई ते जायानं वजन शे.
मना बाप आज बी बांधस.
कौल फुटनं का त्यालेच भोक पाडस."

कुणी हसलं नाही.
तिने मग अ दाबला. टुंग. पुन्हा प्रयत्न करा.
क. टुंग.
ब दाबल्यावर हिरवी खूण आली, टाळ्या वाजल्या
कुठल्या तरी स्टुडिओतल्या.
ती टाळ्यांकडे बघत राहिली.

रात्री मी पुस्तकं काढली.
त्यांतही ड नव्हता.
नव्हता म्हणजे चूक, असं मी इतकी वर्षं
कुणाकुणाला सांगितलं असेल?

सोमवारी तिने डब्याच्या पिशवीतून काढली,
तळहाताएवढी, दोरीने घासून भोक गुळगुळीत झालेली,
कडेला वाळला गाळ.
चपला तिने बाहेर काढल्या होत्या, नियमाप्रमाणे.
शिपाई उत्तमअप्पा पाटीकडे बोट दाखवायला लागले,
मी पाटी झाकून उभा राहिलो.
चकती सत्तावीस हातांतून फिरली.
मग तेच हात माऊसवर.

दर शनिवारी आम्ही माऊसच्या पोटातली गोळी काढून पुसतो.
आत चाकांना मळाची बारीक वळी बसलेली असते,
आठवड्याआठवड्याने जमलेली.
या वेळची मी फुंकून टाकली नाही.
कागदाच्या पुडीत बांधली, वर लिहिलं :
यंत्र क्रमांक तीन, वरचा थर.