ब वर्ग

मागणीपत्रावर लिहिलं होतं, अ वर्ग.
सत्त्याऐंशी चौरस मीटर, चिऱ्याच्या भिंती, मोझाइकची जमीन.
रुपये दोन हजार तीनशे सोळा.
गेल्या वर्षी नऊशे चाळीस होते,
तेव्हाही घर हेच होतं.

शाळेत मला कधी अ मिळाला नाही.

बोर्ड्यातल्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत.
कोण कुठे सुटली, कोण आजारपणात किती उतरली
हे त्यांच्या नवऱ्यांआधी मला कळतं.
घराचं माप मात्र कधी घेतलं नव्हतं.
त्या रात्री गळ्यातली टेप काढली
आणि उंबऱ्यापासून सुरुवात केली.
दीड मीटरची टेप. टोक दाबायचं, खडूची खूण, पुन्हा पुढे,
रांगत, शिलाईच्या मशीनला वळसा घालून.
लांबी सव्वासहा टेपा. रुंदी पाच टेपा आणि एक वीत.
बहात्तर.

मग वरचे पंधरा कुठून आले?
सकाळी अंगणात उभी राहिले तेव्हा दिसलं.
मोजणाऱ्याने पागोळ्या पडतात तिथून धरलं होतं,
आणि जाता जाता तुळशीलाही आत घेतलं होतं.
दाब मीसुद्धा सोडते. पण अर्धा इंच.

डिचोलीच्या नगरपालिकेत चोडणकर म्हणाला,
"हरकत घ्या. तीस दिवस आहेत.
पण नुसत्या मापाने वर्ग उतरत नाही.
घर कसं आहे ते लिहा."
कसं आहे म्हणजे?
"म्हणजे, वाईट काय आहे ते."

लिहायला बसले.
एक. मागच्या खोलीचे नळे फुटलेत, पावसात दोन बालद्या लागतात.
दोन. न्हाणीला गिलावा नाही.
तीन. खनिजाच्या ट्रकांनी पांढरी भिंत लाल केली.
चारवर हात थांबला.
चार. मोझाइक फक्त पुढच्या खोलीत, तेही तडकलेलं.

विश्राम बार्जवर होता.
दोन पगारांची लादी म्हापशाहून टेंपोत घालून आणली त्याने.
बसवली त्या दिवशी कुणाला आत येऊ दिलं नाही,
स्वतः दारात बसून राहिला,
पाय बाहेरच्या पायरीवर.
तडा नंतरचा. तो त्याने पाहिला नाही.
लिहिलं, तडकलेलं. खाली सही केली.
घराला वाचता येत नाही, बरं आहे.

पाहणीच्या दिवशी पहाटे उठून
मी घर झाडलं. लादी दोनदा पुसली.
दारात रांगोळी, खिडक्यांना धुतलेले पडदे,
बालद्या खाटेखाली.
शेजारच्या लतिकाने कपाळावर हात मारला.
"बाये, पट्टी उणी करपाची आसा मगो तुका?"
माहीत होतं.
पण कुणी येणार म्हटलं की
मला दुसरं काही सुचत नाही.

फातर्पेकर इन्स्पेक्टर लोखंडी टेप घेऊन आले,
सटकन आत जाणारी.
"बहात्तर," म्हणाले.
खडूच्या खुणा बघून हसले नाहीत.
पुढच्या खोलीच्या दारात चपला काढू लागले.
मी म्हटलं, राहू द्या.
त्यांनी काढल्याच.
तेव्हा तड्यावरची चटई
मीच पायाने बाजूला सारली.
बराच वेळ दोघंही खाली बघत होतो.
चहा त्यांनी अर्धाच घेतला.

दीड महिन्याने कागद आला. ब वर्ग.
चौदाशे ऐंशी.

हरकतीची प्रत कपाटात ठेवलीय,
ब्लाउजच्या कागदी कटिंगांखाली, तळाला.
वाचलेल्या आठशे छत्तीस रुपयांचे
एकवीस नळे आणून मागच्या खोलीवर घातले.
आता पाणी आत येत नाही.
म्हणजे मुद्दा क्रमांक एक खोटा झाला.
हे कळवायचं असतं का,
चोडणकरला विचारीन म्हणते.
चतुर्थीनंतर.