राखेची वाटणी

सिन्चूहून पेंगहूला जाणारं विमान
वाऱ्यामुळे दोनदा रद्द झालं,
म्हणून बोटीने गेले. पिशवीत काकांसाठी अननसाच्या वड्या
आणि लियाओबाईंचं पत्र,
कुणालाच न दाखवलेलं.

आमची लॅब कुत्री करते.
मेलेल्या कुत्र्याच्या कानाचा नखाएवढा तुकडा
उणे एकशे शहाण्णव अंशांत ठेवते,
आणि काही महिन्यांनी मालकाच्या मांडीवर तेच कुत्रं.
‘तेच’, असं पावतीवर छापलेलं असतं.

गेल्या आषाढात, आमच्या पंचांगाच्या भुतांच्या महिन्याआधी,
एक नमुना आला. नाव: मोती. जात: मिश्र.
भिंगाखाली बघताच मला कळलं.
मी झाकण लावलं, क्रमांक घातला.
ज्युन-लिन नऊ वर्षांचा होता. कालव्यात गेला.

देवळात त्या दिवशी गर्दी होती.
काओशुंगच्या नव्या देवळाचे लोक
देव वाटून न्यायला आले होते.
काकांनी धुपाटण्यातली राख चमच्याने काढली,
तीन चमचे, लाल कागदात,
जशी शेजारीण विरजण नेते.
‘मग इकडचा देव कमी नाही होत?’
‘नाही. आणि तिकडचा इकडचा नाही होत.
तिकडच्या लाकडाचा, तिकडच्या सुताराच्या हाताचा.
नाक वेगळं, नवस वेगळे.
वर्षातून एकदा माहेरी येतो, राख घेतो, परत जातो.
तू तोच का, असं कुणी त्याला दारात विचारत नाही.’

मग मी सांगितलं.
अंडं घेतो, सुईने त्यातलं केंद्रक ओढतो,
अंडं रितं होतं, मग त्यात…
काका हसले नाहीत.
आयुष्यभर ज्यांनी मला रितेपणाचे गोडवे सांगितले,
शंख वाजतो तो आत कुणी राहत नाही म्हणून,
त्यांनी चमचा खाली ठेवला.
‘शंखातला किडा आपल्या वेळेने जातो, पोरी.
रितं असतं ते वेगळं. रितं केलेलं वेगळं.
अशी किती अंडी?’
‘दोनशे. तीनशेही.’
‘आणि ज्या बायका देतात त्या?’
मी वड्यांचा डबा उघडला.

‘माझेही हात कुठले स्वच्छ,’ ते म्हणाले,
‘सिझेरियनचे मुहूर्त मीच काढून देतो.
डॉक्टरला दुपारी जेवायचं असतं,
मी ग्रह थोडे सरकवतो.
मंतरलेले कागदही हल्ली झेरॉक्स विकले जातात.
भुतं घाबरतात म्हणे त्यांनासुद्धा.’

बाहेर वारा प्रवाळाच्या भिंतींवर घासत होता.
लोक लाल कागद छातीशी धरून
बंदराकडे निघाले होते, छत्री फक्त राखेवर.
मला वाटलं, आता ते पाप म्हणतील,
निसर्ग म्हणतील, मार्ग म्हणतील.
त्यांनी एकच विचारलं:

‘त्या नव्या मुलाला
पोहायला शिकवतील का?’

परतीच्या बोटीत मी पत्र पुन्हा वाचलं.
बाईंनी लिहिलंय, त्याला कोथिंबीर आवडत नसे,
ते आधीच कळवून ठेवते.

काका म्हणतात, काही न करणं
ही सगळ्यांत अवघड कला.
सोपं असतं त्यांचं.
त्यांच्या राखेला थंड ठेवावं लागत नाही.
मी काही केलं नाही तर
टाकीतली पातळी हळूहळू उतरेल,
आणि त्यालाही करणंच म्हणतील,
मीसुद्धा.

मंगळवारी नायट्रोजन भरायची पाळी माझी आहे.