साठ पुढे, चाळीस मागे

गाडी आली तेव्हा तिच्या काचेवर अजून
दाबोळीच्या टॅक्सी स्टँडचा नंबर होता.
पांढरी सेडान, पर्यटक वाहून दमलेली,
सगळी ओढ पुढच्या दोन चाकांची,
मागची दोन नुसती वऱ्हाडी.

सुकूरनं गालिचा फाडला. खाली निघाली
मूठभर कळंगुटची वाळू,
कुणाच्या तरी कानातलं एक फूल,
आणि आवाज मारायला कारखान्यानं चिकटवलेलं डांबर.
ते काही सुटेना.
मग मी कुडचड्याच्या मासळी बाजारातून
दोन क्रेट बर्फ आणला, मीठ टाकून पसरला.
डांबर काचेसारखं झालं, हातोडीनं उडालं.
अकरा किलो!
आठवडाभर गाडीला बांगड्यांचा वास.

नियम सांगतो, सांगाडा कारखान्याचाच हवा.
छत तेच, खांब तेच.
बाकी तुमची अक्कल.

मागच्या सीटवरची माणसं जिथं पाय ठेवत
तिथून सुकूरनं शाफ्टसाठी बोगदा कापला.
खाणीवरच्या टिप्परांचे गिअरबॉक्स उघडण्यात गेलेले हात,
खाण बंद पडल्यापासून चहाचा कप धरतानाही थरथरणारे,
वेल्डिंगच्या उजेडात मात्र स्थिर.
मागचा डिफरन्शियल एका आपटलेल्या जीपचा.
त्याची बैठक मी लेथवर अर्धा मिलिमीटर उतरवली.
मी टर्नर. शर्यतीतलं मला कळत नाही.
एवढंच कळतं की वाकडा शाफ्ट
खोटं बोलणाऱ्या माणसासारखा असतो,
वेग वाढला की उघडा पडतो.

रिवणच्या वर, बंद खाणीच्या रस्त्यावर,
पहाटे तेल्मा बसली, सुकूरची भाची.
पहिल्याच वळणाला गाडीनं वळायचं नाकारलं.
चारही चाकं एकजुटीनं
सरळ काजूच्या झाडीत.

तिनं हेल्मेट काढलं, लाल माती थुंकली.
"तितीव, मधला डिफरन्शियल फार आवळलायस. सोड थोडा."
"सोडला तर पकड जाईल."
"एवढी पकड नको मला. मला वळायचंय."

तो बराच वेळ बोलला नाही.
खाली खाणीचा खड्डा, पाण्यानं भरलेला, हिरवा.
त्याच्या तळाशी सुकूरनं शेवटचा दुरुस्त केलेला पंप
अजून असेल.

मग त्यानं तीन शिमा काढल्या.
साठ पुढे, चाळीस मागे,
वाटणी दातांनी आधीच ठरवलेली होती.
पण मधला माणूस घट्ट धरून बसला
की वाटणी कागदावरच राहते.
हे मला कुणी सांगायला नको.
आमच्या भावाभावांचा दावा मडगावच्या कोर्टात
सात वर्षं आहे.

शेवटी चार चाकांखाली चार काटे.
तेल्मा बँकेत कामाला, म्हणून तिच्या जागी
उकड्या तांदळाची गोणी, पट्ट्यांनी बांधलेली.
सुकूर स्प्रिंगची चकती फिरवतो, मी वाचतो,
तीनशे अठरा. दोनशे एकतीस.
कर्ण जुळत नाही. अजून अर्धा आटा.
पुन्हा नाही. उलटा.

दिवेलागणीला ती आली. गोणी उतरवली,
चपला बाहेर काढल्या, देवळात काढतात तशा,
आणि श्वास धरून बसली.

"श्वास घे," सुकूर म्हणाला. "शर्यतीत घेशीलच ना?"

तिनं घेतला.
पुढच्या उजव्या काट्यावरचा शेवटचा आकडा
चार, पाच, चार असा हलत राहिला.
वहीत मी दोन्ही लिहिले.