नावाच्या जागी

जोडभावी पेठेत आमच्या शेडमध्ये
चार माग होते आणि एक खुर्ची.
लाकडी, हातवाली. तिच्यावर कुणी बसायचं नाही.
पाहुण्याला बारदान,
मे महिन्यात खांबावरून उतरलेल्या वायरमनलाही बारदानच.
'रोममधली रिकामी आहे,' बाबा म्हणत,
'माझ्या लग्नाच्या आधीपासून. मग ही कशाला भरायची?'

रविवारी माग बंद.
वाडीहून पॅसेंजरने एक म्हातारे फादर येत,
वेदीचा दगड मफलरमध्ये गुंडाळून.
आमच्याकडे पाठ करून ते पुटपुटत
आणि उन्हाच्या पट्टीत मी सुताची धूळ बघत बसे.
'पाठ का?' मी एकदा विचारलं.
'चादर विणताना मला तरी कुठं
सुलटी बाजू दिसते?'

लॅटिन त्यांना येत नव्हतं.
जकार्डचे पुठ्ठे पाडणारा माणूस.
'भोकाला अर्थ नसतो, पोरी.
पण एक भोक चुकू दे,
मोर लंगडा उतरतो.'

आधी अकरा घरं होती.
मग वाद झाला:
तो पोपच नाही म्हणायचं,
की पोप आहे, पण ऐकायचं नाही?
दुसरं म्हणणारे विजापूर रोडला गेले,
जाताना मेणबत्तीचे दोन स्टँड घेऊन गेले.
उरली तीन घरं. त्यात आमचं अर्धं;
आई डोक्यावर पदर घेऊन
मोठ्या देवळात मराठी मिस्सेला जायची.
'माझं भांडण मराठीत आहे. त्याला कळायला नको?'

प्रार्थनेत पोपचं नाव येतं तिथं
म्हातारे फादर नाव घेत नसत.
बाबा एक श्वास थांबत,
धोटा अडकल्यासारखे.

बाबा गेले तेव्हा
वाडीची गाडी होती, फादर नव्हते; ते आदल्या वर्षीच गेलेले.
आईनं फादर एवरिस्तना बोलावलं.
मी चिडले. मग गप्प बसले.
त्रेचाळीस डिग्रीत प्रेत तत्त्वासाठी थांबत नाही.
ते आले घामेजून, गुडघा धरत.
आईनं खुर्ची पुसली, पुढं केली.
त्यांनी खुर्चीकडे पाहिलं,
बाबांकडे पाहिलं,
बारदान ओढलं आणि बसले.

खुर्चीवर आता टॉवेलच्या घड्या असतात.
मी आईला धरून देवळात नेते.
माइकवर पोपचं नाव येतं, स्पष्ट,
आणि माझा श्वास तिथंच थांबतो.
कुणावर राग नाही माझा. नावही पाठ आहे.
आई कोपरानं ढोसते.