पानाखालची मोजणी

मंगळवारी मिरचीची वीस झाडं,
दर झाडाची तीन पानं. तोडायची नाहीत,
झोपलेल्या लेकराची कूस बदलावी तशी उलटायची
आणि माशी उडायच्या आत मोजायची.

पंचफुलाबाई बांधावरून विचारते,
"काय दिसते वो पोरी?"
दिसते ती तांदळाच्या कणीहून बारीक,
पीठ चाळताना उडावं तेवढीच पांढरी.
तिच्या पोटातलं माझ्या भिंगालाही दिसत नाही.

ती सुईसारखं तोंड रुतवते, निवांत पिते.
बोकड्या आलेल्या झाडाचा रस
पोटातून अंगात, अंगातून लाळेत उतरतो.
तिला काहीच होत नाही.
मरेस्तोवर ज्या झाडावर बसेल
त्याची पानं होडीसारखी वळतात.

मावा वेगळा. चाखतो, उडतो, पुन्हा चाखतो.
सोंडेच्या टोकाचं खरकटं
दोन-चार पानांत पुसलं जातं,
पण ती दोन-चार झाडं गेलीच.
हे ऐकून बाई म्हणाली,
"म्हंजे एक सोयरी मुक्कामाची,
अन् एक सोयरा चहापुरता."
वहीत याला रकाना नव्हता. समासात लिहिलं.

परवा धुऱ्यापलीकडे कुंडलिक राऊतांनी फवारलं.
मावा मरायच्या आधी बिथरला,
बिथरलेला मावा जास्त पानं चाखतो.
ढालकिडे पहिल्याच दिवशी गेले.
उरल्यासुरल्या माशीला आता खाणारं कोणी नाही,
आणि वारा तिकडून इकडे.

पाटाकडेचा धोतरा
उन्हाळाभर हा आजार सांभाळून बसला होता.
तो उपटा, म्हणून मी सांगत आले. कोणाचा धोतरा?
पाट सरकारी, कडा कोणाचीच नाही.

बाईनं रोपं मच्छरदाणीत वाढवली,
लेकीच्या बाळंतपणातली, भोकांमुळे दुहेरी केलेली.
भोवती ज्वारीच्या तीन ओळी,
येणाऱ्यानं आधी तिथं तोंड पुसावं म्हणून.
तिची वीस झाडं: सात माश्या.
राऊतांची: एकशे बारा.

आज भिवापूरच्या एसटीतून उतरले तर
ज्वारीच्या अलीकडेच तिनं थांबवलं.
"कोणाच्या वावरातून आली?"
राऊतांच्या.
"अन् ओढणी कोणत्या रंगाची व्हय?"

पिवळी. माझ्या सापळ्यांच्या पत्र्यासारखी पिवळी,
आजारी पानासारखी.
खांद्यावर चार कण बसलेले.

"झटक तिकडेच," ती म्हणाली,
"मंग ये."