चौसष्टशे

शुक्रवारी चारला फळा पुसते,
बाहीवरची खडूची पूड झटकते,
तोच मुख्याध्यापिका व्हिर्वेबाई दारातून विचारतात,
"पुन्हा?"
पुन्हा. महिन्याचा तिसरा शनिवार-रविवार.
त्यांना काळजी सोमवारच्या पहिल्या तासाची.
मीच घेईन, म्हणते. कधी चुकवलाय?

घरी पलंगाखालची पिशवी भरलेलीच असते:
लोकरी मोजे चार जोड, विजेरी, डबा,
बूट पलटणीने दिलेले, एक नंबर मोठे,
पुढे वर्तमानपत्र कोंबलेलं.
आरे बटाटे सोलता सोलता म्हणतो,
"तुझ्या वयाच्या बायका विणकामाच्या वर्गाला जातात."
"तू जातोस की," मी म्हणते.
तो खरंच जातो. मोजे त्याच्याच हातचे.

प्योल्व्यापासून सीमा जवळ.
भिंतीवरच्या नकाशात तीन बोटं.
मुलं विचारतात तेव्हा मी प्रमाण शिकवते,
एका बोटाचे किलोमीटर किती.

बावीस वर्षं सांगत आले,
वर्तुळाचे अंश तीनशे साठ.
इथे, पाइनच्या मुळांवर बसून, ते विसरायचं.
उखळी तोफेचं वर्तुळ चौसष्टशे भागांत चिरलेलं.
एक भाग चुकला, तर किलोमीटरवर एक मीटर.
वीस चुकले, तर खंदकाऐवजी गोठा,
आणि गोठ्यात संध्याकाळी कुणीतरी असतंच.
हे पुस्तकात नाही. काउर सांगतो.

काउर. आमचा तुकडीप्रमुख.
एरवी लाकडाच्या वखारीत फळ्या मोजतो.
त्याआधी नववी ब, खिडकीजवळचा बाक,
कंपासपेटीत कंपास सोडून सगळं:
सूर्यफुलाच्या बिया, मासे धरायचा गळ,
एकदा बेडूक, जिवंत.
भूमितीत मी त्याला पाचपैकी दोन दिले होते
आणि लाल शाईने शेरा:
लक्ष कायम बाहेर.

अजूनही बाहेरच असतं.
त्याच भरवशावर आम्ही अकरा जण झोपतो.

गावात भेटला की तो मला अहोजाहो करतो,
मी त्याला अरेतुरे.
जंगलात हे उलटं व्हायला हवं.
मला जमत नाही. मी क्रियापदच गिळते.

शनिवारी पहाटे, बोटं गारठलेली,
मी आकडा काढला आणि मोठ्याने वाचला.
काउर नकाशावर वाकला.
"पुन्हा करा, बाई."
बाई!
नळीपाशी कुणीतरी फिस्सकन हसलं.
त्याचे कान लाल झाले, नववीतल्यासारखे.
चूक माझी होती: होकायंत्राचा फरक
वजा करायचा तो मिळवला होता.
असल्या चुकीवर मी आडवी रेघ मारते, पान फाटेपर्यंत.
त्याने अंगठ्याने मेणपेन्सिलीची खूण पुसली
आणि थांबला.
नुसता थांबला.
दव टपटपत होतं हेल्मेटवर.
फळ्यापाशी उभ्या कुणासाठी
मी इतकी थांबले असेन का कधी?
आठवून पाहिलं. आकडा आला, पण ते आठवलं नाही.

सोमवार. आठवी अ.
"बाई, तुमच्या कानामागे हिरवं लागलंय," लीसेल म्हणते.
रुमाल थुंकीने भिजवून पुसते, सगळे खिदळतात.
कोन एबीसी, मी म्हणते, आणि वळते.

खिडकीजवळ एक मुलगा. ताविड.
या हिवाळ्यात मनगटं बाहीतून बाहेर आली आहेत.
माझी नजर त्याचे खांदे मोजते,
कोठारातला कुठला कोट बसेल.
मधला. वर्षभरात मोठा.
हे मी कधीपासून करायला लागले?

"ताविड, बाहेर काय आहे?"
मी थांबते. वर्गही थांबतो.
"झेंड्याचा खांब, बाई. वाकलाय. थोडासाच."
मी बघते. मला सरळ दिसतो.
"किती?"
तो हात लांब करतो, अंगठा उभा धरतो,
एक डोळा मिटतो.

मी पडदा ओढून घेतला.
ऊन फळ्यावर येत होतं.