ठसा

शुक्रवारी पहिली पाळी सुटली की
उद्यमबागेतून सायकल मारत मच्छेला येतो,
नखांतली काळी वाळू तशीच,
आणि चॅपेलमागच्या खोलीत
पोरांच्या बाकावर बसतो, गुडघे पोटाशी घेऊन.

भाचीनं मागितलं होतं एवढंच :
बस्त्यांवमामा, बाळाचा पाद्रीन तूच व्हायचं.
फादर म्हणाले, होऊ दे की. आधी दहा शुक्रवार ये.
दहा? अहो, दिवसाला ऐंशी साचे भरतो मी.
म्हणूनच, म्हणाले.

देवळाशी भांडण नव्हतं माझं.
लोक विचारतात, काय झालं होतं? काही नाही.
एका रविवारी ओव्हरटाइम होता,
पुढच्या रविवारी नव्हता, तरी गेलो नाही.
अशी एकोणीस वर्षं.

एस्पेरांसा बाई दिवसा पतसंस्थेत नोटा मोजतात,
माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान.
विचारतात, संस्कार म्हणजे काय?
पोरं एका सुरात : दिसणारी खूण, न दिसणारी कृपा.
मलाही येतं. एकोणतीसचा पाढा विसरलो, हे नाही.
दोन्ही कधी वापरलं नाही, ही गोष्ट वेगळी.

तिसऱ्या शुक्रवारी आल्वितोनं हात वर केला,
बाई, देव कन्नडमध्ये ऐकतो की मराठीत?
(त्याच्या रस्त्यावरच्या पाटीला
परवाच कुणी काळं फासलेलं.)
बाई म्हणाल्या, तुझी आई स्वयंपाकघरातून
तू पडलास हे कुठल्या भाषेत ऐकते?
पोरगं गप्प. मीही.
घरात कोंकणी, कारखान्यात मराठी,
मॅनेजरला कन्नड, आणि आतमध्ये इतकी वर्षं
कुठलीच नाही.

पाचव्या शुक्रवारी मीच विचारलं.
बाई, आमच्याकडं कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघतो.
वरून गुळगुळीत. लेथवर धरलं की आत पोकळ.
वाळू ओली राहिली, वाफ कोंडली, बस.
ते आम्ही फेकत नाही, परत भट्टीत घालतो.
मग माझंही तसंच करा.
पुन्हा पाणी घाला डोक्यावर, पहिल्यापासून.

पोरं हसली. बाई नाही हसल्या.
पुस्तक मिटून म्हणाल्या,
ते एकदाच होतं, बस्त्यांवभाऊ.
तेव्हाचा ठसा पुसत नाही. तुम्ही पुसायला गेलात तरी.
तुम्हाला वितळवायचं नाहीये कुणाला.
कोंडलेलं तेवढं सांगून बाहेर काढायचं,
त्याला आपण कन्फेसन म्हणतो.

मी रागानं घरी गेलो.
ठसा आहे म्हणे! एकोणीस वर्षं
खिशात किल्ली घेऊन दारात झोपलो की काय मी?

दुसऱ्या दिवशी साच्यातून लाकडी पॅटर्न उचलताना
हात थांबला.
पॅटर्न निघून जातो, तेव्हाच वाळूत जागा होते.
रिकामं दिसतं ते.
रिकामं नसतं. त्याला आकार असतो,
नेमका, मिलिमीटरचा, कुणाची तरी वाट बघणारा.
हेल्पर ओरडला, मामा, लॅडल आलं, सरका!

नवव्या शुक्रवारी कन्फेसनला गेलो.
काय सांगितलं ते सांगत नाही.
वेळ लागला, एवढं सांगतो;
बाहेर रांगेतल्या दोन बायका उठून गेल्या.

बाप्तिस्म्याला बाळ किंचाळलं, पाणी पडायच्या आधीच.
भाचीच्या नवऱ्यानं कुंद्याचा डबा
वेदीच्या पायरीवरच ठेवला होता, बाईंनी गुपचूप उचलला.
फादरनं विचारलं : मानतोस का?

आम्ही तयार माल तपासतो तेव्हा
टांगून हातोडीनं एक ठोका देतो.
चांगला असेल तर खणकतो. आत तडा असेल तर बद्द.
कान लागतो त्याला, मशीन नाही.

मानतो, म्हटलं मी,
आणि ऐकत राहिलो.
चॅपेल लहान आहे. बाळ रडत होतं.
नीट ऐकू आलं नाही.
पण फादर पुढचा प्रश्न विचारत होते,
आणि मी पुन्हा तोंड उघडलं होतं.